प्रेअरीवरची आइसलँडिक घराणी: आडनाव सोडा, शेताचं नाव धरा

उत्तरवारा

कॅनडातल्या वंशावळींच्या धाग्यावर आइसलँडिक शेतकऱ्यांचा विषय दोन-तीनदा निघाला. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. १८७० ते १९१४ या काळात चौदा-पंधरा हजार माणसं आइसलँड सोडून उत्तर अमेरिकेत गेली. तेव्हा देशाची लोकसंख्या सत्तर हजारांच्या घरात होती, म्हणजे पाचातला एक जण गेला. त्यातले बरेच जण शेवटी प्रेअरीवर, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांत, शेतकरी झाले. मॅनिटोबात विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठावरचं गिम्ली आणि आसपासचा 'न्यू आइसलँड', दक्षिणेला आर्गाइल, नॉर्थ डकोटाची पेम्बिना काउंटी (माउंटन, गार्दर, हॅल्सन), मिनेसोटात मिनिओटा, सस्कॅचेवानात चर्चब्रिजजवळची थिंगव्हाला वसाहत आणि नंतर फोम लेक-विनयार्डचा 'वात्नाबिग्द' म्हणजे तळ्यांचा मुलूख, अल्बर्टात मार्करव्हिल. एवढी नावं डोक्यात असली की निम्मं काम होतं.

शोध घेणारा माणूस हमखास चुकतो तो आडनावापाशी. हातात 'जॉन्सन' असतो आणि तो आइसलँडच्या नोंदींत जॉन्सन घराणं शोधत बसतो. असं घराणं तिथे नसतं. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावच नसतं, माणसाच्या नावापुढे बापाचं नाव लागतं. योनचा मुलगा योन्सन, मुलगी योन्सदोत्तिर. पुढच्या पिढीत ते पुन्हा बदलतं. आपण नाव-वडिलांचं नाव-आडनाव लिहितो, त्यातलं तिसरं काढून टाका म्हणजे त्यांची पद्धत कळेल.

या पद्धतीत टिकून राहतं ते शेताचं नाव. आइसलँडमध्ये गावं जवळजवळ नव्हतीच. प्रत्येक शेतवाडीला नाव होतं आणि त्यातली कित्येक नावं शतकानुशतकं तीच राहिली. जनगणना, चर्चची वही, स्थलांतराची नोंद, सगळं शेताच्या नावाखाली लावलेलं असतं. म्हणून पहिला प्रश्न 'आडनाव काय' हा नसतो, 'कुठल्या शेतावरून निघाले' हा असतो. ते मिळालं की मागच्या पाच-सहा पिढ्या तुलनेनं सहज हाती लागतात. ते नसेल तर पंचवीस योन योन्सन समोर उभे राहतात.

एक चांगलं उदाहरण कवी-शेतकरी स्तेफान ग. स्तेफान्सन यांचं. जन्म १८५३, स्कागाफ्योर्दुर जिल्ह्यातल्या किर्क्युहोल या शेतावर. बापाचं नाव गुद्मुंदुर स्तेफान्सन. म्हणजे आइसलँडच्या रीतीनं मुलगा स्तेफान गुद्मुंद्सन, आणि तिकडच्या नोंदींत तो तसाच सापडतो. अमेरिकेत मात्र त्यानं बापाचंच 'स्तेफान्सन' घेतलं. हा अगदी ठरलेला नमुना आहे: प्रेअरीवरचं आडनाव बापाचं नाव सांगत नाही, पुष्कळदा ते आजोबांचं नाव सांगतं. हे ठाऊक नसेल तर शोध एक पिढी चुकतो आणि चुकलाय हे कळतही नाही.

शेवंती_प

उत्तम धागा. एक विचारते. १८७५ साली आस्क्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला, राखेनं पूर्व आइसलँडची कुरणं गेली, आणि त्याच वर्षी लोक गिम्लीला उतरले. तेव्हा गिम्लीचं घराणं असेल तर थेट पूर्वेकडच्या जिल्ह्यांत शोधायला हरकत नाही ना?

उत्तरवारा

हरकत आहे, कारण इथेच बरेच जण फसतात. आस्क्याचा उद्रेक १८७५ च्या मार्च अखेरचा. गिम्लीजवळ विलो पॉइंटला पहिली तुकडी उतरली २१ ऑक्टोबर १८७५ ला. तारखा जवळच्या, म्हणून एकातून दुसरं झालं असं वाटतं. पण त्या तुकडीतले बहुतेक लोक १८७४ मध्येच आइसलँडहून निघाले होते आणि मधला हिवाळा त्यांनी ऑंटारिओत किनमाउंटला रेल्वेच्या कामावर काढला होता. तिथे कितीतरी लहान मुलं दगावली. म्हणजे राख पडली तेव्हा ही माणसं आधीच कॅनडात होती. ती मुख्यतः उत्तर आइसलँडची. उद्रेकानं उठवलेली पूर्वेकडची कुटुंबं आली ती १८७६ च्या मोठ्या तुकडीत, सुमारे बाराशे जण.

म्हणून कुटुंब १८७५ चं की १८७६ चं हे आधी ठरवा. आणि उत्तरेकडच्यांच्या जाण्याला राखेचं कारण चिकटवू नका. तिथे समुद्री बर्फ, थंड उन्हाळे, मेंढ्यांचे रोग, आणि स्वतःचं शेत नसलेल्याला वर्षभर दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून राहायला लावणारा कायदा, ही कारणं होती.

मोडीवाचक

आइसलँडकडच्या कागदांबद्दल लिहितो.

पायाचा कागद म्हणजे जनगणना. १७०३ ची तर नावानिशी आहे, प्रत्येक माणूस. नंतर १८०१, १८१६, आणि १८३५ पासून दर पाच-दहा वर्षांनी. स्थलांतरितांसाठी १८६०, १८७० आणि १८८० कामाच्या. आइसलँडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर यांतल्या बहुतेक फुकट शोधता येतात. शोधताना पहिलं नाव, बापाचं नाव आणि परगणा (ह्रेप्पुर) असं तिन्ही घाला. नुसत्या नावानं शोधलंत तर निकाल वाचता वाचता दिवस जाईल.

दुसरा कागद चर्चच्या वह्यांचा. एका वहीत जन्म, दीक्षा, लग्न, मृत्यू, परगण्यात आलेले आणि परगण्यातून गेलेले असे वेगवेगळे भाग असतात. आपल्याला हवा तो शेवटचा, 'बुर्टविक्निर', म्हणजे निघून गेलेले. त्यात एका ओळीत अनुक्रमांक, नाव, वय, घरातलं स्थान, कुठल्या शेतावरून निघाले आणि कुठे गेले. शेवटच्या रकान्यात 'आमेरीका' किंवा 'वेस्तुरहेइम' म्हणजे पश्चिमेचं जग लिहिलेलं दिसलं की दार उघडलं. पुजाऱ्याचं अक्षर बारीक, वर एकदा लिहून खाली नुसत्या दोन तिरक्या रेघा मारलेल्या, म्हणजे 'वरीलप्रमाणे'. आठ माणसांच्या कुटुंबात शेताचं नाव फक्त पहिल्या ओळीला असतं, खालच्या सातांना त्या रेघा. पान कापून घेतलेलं चित्र वापरलंत तर वरची ओळ निसटते आणि शेत चुकतं. नेहमी अख्खं पान बघा, आणि मागचंही.

तिसरा, दरवर्षीची घरभेटीची वही. पुजारी प्रत्येक शेतावर जाऊन माणसं मोजायचा, कोणाला वाचता येतं हेही लिहायचा. दोन जनगणनांच्या मधली वर्षं यानं भरून निघतात. शेतमजूर कुटुंबं दर वसंतात शेत बदलायची, तो प्रवास इथेच दिसतो.

घरातलं स्थान सांगणारे शब्द मात्र नीट कळले पाहिजेत. 'विन्नुमादुर' म्हणजे गडी, 'विन्नुकोना' मोलकरीण. 'बूस्तिरा' म्हणजे घर सांभाळणारी बाई, पण ती पुष्कळदा घरधन्याची लग्नाविना जोडीदारीण असते आणि मुलं दोघांची असतात. 'तोकुबार्न' म्हणजे सांभाळायला घेतलेलं मूल. 'निदुरसेत्निंगुर' म्हणजे परगण्याच्या खर्चानं दुसऱ्याच्या घरी ठेवलेला निराधार. हा शब्द दिसला तर परगण्याच्या हिशेबवह्याही बघा. अशा माणसांचा वर्षानुवर्षांचा खर्च टाळायला काही परगण्यांनी त्यांचं अमेरिकेचं तिकीटच काढून दिलं, आणि ती रक्कम तिथे नावानिशी पडलेली असते.

कणसं

मोडीवाचक, स्थलांतरितांची छापील यादीही आहे ना? तिचं काय?

मोडीवाचक

आहे. १८७० ते १९१४ ची, यूनियुस क्रिस्टिन्सन यांनी चर्चच्या वह्या, प्रवाशांच्या याद्या आणि इतर कागदांवरून तयार केलेली, १९८३ ला छापली. तिची मांडणीच जिल्हा, परगणा, शेत अशी आहे. म्हणजे पुन्हा तेच: शेत माहीत असेल तर यादी दोन मिनिटांत उत्तर देते. नाव, वय, निघण्याचं वर्ष, जहाज, कुठे जायचं ठरलं होतं, एवढं मिळतं.

दोन सावधगिऱ्या. सुरुवातीच्या वर्षांत यादी विरळ आहे, त्यात नाव नाही म्हणजे माणूस गेला नाही असं होत नाही. आणि 'कुठे जायचं' हा रकाना बेत सांगतो, मुक्काम नाही. क्वेबेक किंवा विनिपेग लिहिलेलं कुटुंब पुढे डकोटात सापडतं.

भूमापक

आता पलीकडच्या बाजूनं, जमिनीपासून सुरुवात करतो. आपल्याकडे जसा सातबारा, तसा प्रेअरीवर होमस्टेडचा, म्हणजे वसण्याच्या अटीवर सरकारनं दिलेल्या जमिनीचा कागद. तो वाचता आला तर कुटुंबाची पहिली तीन वर्षं डोळ्यांसमोर उभी राहतात.

कॅनडात १८७२ च्या कायद्यानं १० डॉलर फी भरून १६० एकर मिळायची. अट तीन वर्षं राहण्याची, जमीन मोडून (पहिल्यांदा नांगरून) पेरण्याची आणि राहण्याजोगं घर बांधण्याची. अमेरिकेत १८६२ च्या कायद्यानं तेवढीच जमीन, पण मुदत पाच वर्षं, शिवाय नागरिक होण्याचा इरादा जाहीर करावा लागायचा.

जागेचा पत्ता असा लिहितात: एन डब्ल्यू १६-६-१४ डब्ल्यू १. उलगडून वाचू. टाउनशिप म्हणजे ६ मैल बाय ६ मैलांचा चौकोन, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक एक मैल चौरस, ६४० एकरांचा. सेक्शनचा चौथा भाग म्हणजे क्वार्टर, १६० एकर. तर हा सेक्शन १६ चा वायव्येचा क्वार्टर, अमेरिकेच्या सीमेपासून उत्तरेकडे सहावी टाउनशिप, पहिल्या मेरिडियनपासून (मोजणीसाठी ठरवलेल्या उत्तर-दक्षिण रेषेपासून) पश्चिमेला चौदावी रांग. सीमेपासून तीस मैल ओलांडल्यावर सहावी टाउनशिप लागते. पहिलं मेरिडियन विनिपेगच्या थोडं पश्चिमेला आहे. हा पत्ता आर्गाइलच्या आइसलँडिक वस्तीच्या टापूतला. गिम्ली मात्र त्या रेषेच्या पूर्वेला, टाउनशिप १९, रांग ४ पूर्व. 'पूर्व' हा शब्द लिहायचा राहिला तर शेत सरोवरकाठाऐवजी भलतीकडेच पडतं.

सेक्शनचे आकडे कॅनडात आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात आणि नांगराच्या तासासारखे उलटसुलट वर चढतात. अमेरिकेत ते ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन खाली उतरतात. डकोटाच्या सवयीनं मॅनिटोबाचा नकाशा वाचलात तर सेक्शन २ पाच मैल चुकतो. पेम्बिनाहून उत्तरेत आलेल्या कुटुंबांच्या बाबतीत हे फार घडतं, कारण दोन्हीकडचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवलेले असतात.

आणखी एक खूण. कॅनडात होमस्टेडसाठी साधारणपणे सम आकड्यांचे सेक्शन. विषम बरेचसे रेल्वेचे. ११ आणि २९ शाळेसाठी राखीव, ८ आणि २६ चा बहुतांश हडसन बे या जुन्या व्यापारी कंपनीचा. कुटुंबाचं शेत सेक्शन २६ वर दिसत असेल तर ते होमस्टेड नसून विकत घेतलेलं असण्याची शक्यता जास्त. मग होमस्टेडची फाइल शोधण्यात वेळ घालवू नका, विक्रीचा कागद शोधा.

कणसं

फाइलमध्ये नेमकं काय असतं? मालकीपत्राची प्रत मिळते, पण त्यात नाव-पत्त्यापलीकडे काही नसतं.

भूमापक

बरोबर. मालकीपत्र म्हणजे शेवटचा शिक्का. त्याच्या आधीचा अर्ज बघा, शपथेवर दिलेला. त्यात घर कधी बांधलं, किती फूट बाय किती, त्याची किंमत, गोठा आहे का, कुंपण किती. मग वर्षवार रकाने: यंदा किती एकर मोडले, किती पेरले, गुरं किती, घोडे किती. शेतावरून दूर होता का, असला तर कुठे आणि किती महिने. कुटुंबात किती माणसं. आणि शेवटी शेजारच्या दोघांची साक्ष.

ते साक्षीदार फार महत्त्वाचे. आइसलँडिक वस्तीत साक्ष देणारा शेजारी पुष्कळदा मेहुणा, चुलतभाऊ किंवा त्याच परगण्यातून एकाच जहाजानं आलेला असतो. मूळ माणसाचं शेत सापडत नसेल तर साक्षीदाराचं आइसलँडमधलं शेत शोधा. शेजारच्या डोंगरपायथ्याला आपला माणूस असतो.

'दूर होता का' हा रकानाही वाचा. कापणी-मळणीच्या दिवसांत बाप्ये मजुरीला दुसरीकडे जायचे, मुली विनिपेगला घरकामाला. रोख पैसा तिथूनच यायचा. १८८१ च्या जनगणनेत चौदा-पंधरा वर्षांची आइसलँडिक मुलगी परक्या इंग्रज घरात 'नोकर' म्हणून सापडते आणि आईबापाच्या घरात नसते. लोक तिला मेलेली समजून वंशवृक्षावरून काढून टाकतात. तसं करू नका.

आता कुठे अडतं ते. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची १८७० ते १९३० ची सूची फक्त ज्यांना मालकीपत्र मिळालं त्यांची आहे. ज्यानं अर्ज केला आणि दोन वर्षांत सोडून गेला तो तिथे नाही. त्यांच्या फाइली प्रांतांच्या अभिलेखागारांत: सस्कॅचेवानच्या सस्कॅचेवानात, अल्बर्टाच्या अल्बर्टात, मॅनिटोबाच्या मॅनिटोबात. एकाच क्वार्टरच्या फाइलमध्ये आधीच्या दोन-तीन अर्जदारांचे कागदही एकत्र असतात. म्हणून माणसाच्या नावानं मिळालं नाही तर जमिनीच्या पत्त्यानं मागा.

शेवंती_प

न्यू आइसलँड सोडून गेलेल्यांचं काय? तिथून तर निम्म्याहून जास्त गेले ना.

उत्तरवारा

गेले, आणि ते वाचायचा सोपा मार्ग म्हणजे मुलांची जन्मठिकाणं. आईबाप आइसलँडचे, थोरला आइसलँडचा, दुसरा १८७५ चा ऑंटारिओत जन्मलेला, तिसरी १८७८ ची कीवाटिन किंवा मॅनिटोबाची, चौथा १८८२ चा डकोटाचा, धाकटी १८९० ची अल्बर्टाची. ही ओळ म्हणजेच कुटुंबाचा नकाशा. किनमाउंट, गिम्ली, पेम्बिना, मार्करव्हिल.

कीवाटिन का, तर न्यू आइसलँड तेव्हा मॅनिटोबाच्या हद्दीबाहेर, कीवाटिन या वेगळ्या प्रदेशात होतं, १८८१ ला प्रांत वाढला तेव्हा आत आलं. एकाच मुलाचं जन्मठिकाण एका कागदावर कीवाटिन आणि दुसऱ्यावर मॅनिटोबा दिसलं तर दोन मुलं समजू नका.

हलण्याची कारणंही नोंदींत उमटतात. पहिल्या हिवाळ्यात सरोवरात मासे पकडायला आणलेल्या जाळ्यांचे डोळे मोठे, मासे निसटायचे. १८७६-७७ ला देवीची साथ, त्यात शंभरावर आइसलँडिक माणसं गेली, बहुतेक लहान मुलं. तिथल्या मूळ रहिवाशांवर त्याहून मोठा घाला पडला. सँडी बारची वस्ती जवळजवळ संपली, उरलेली घरं जाळली. आइसलँडिक घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यानं हे वगळू नये, ज्या नदीकाठच्या जमिनीवर ती घराणी वाढली ती रिकामी नव्हती. मग पास्टर (चर्चचे पुजारी) योन ब्यार्नासन आणि पास्टर पाउल थोरलाक्सन यांच्या गटांतला धार्मिक वाद, पाउलच्या मागे डकोटाला गेलेली कुटुंबं, १८८० चा पूर. माणूस कुठल्या पास्टरच्या गटात होता हे कळलं तर तो १८८० नंतर कुठे शोधायचा ते बरंचसं ठरतं.

मोडीवाचक

यात एक मोठं भगदाड आहे, ते सांगून ठेवतो. ऑक्टोबर १८७५ ते १८७७ च्या शरदापर्यंत न्यू आइसलँडमध्ये कायमचा पास्टर नव्हता. दोघेही १८७७ लाच आले. 'फ्रामफारी' हे वसाहतीचं वर्तमानपत्रही १८७७ च्या सप्टेंबरात सुरू झालं आणि १८८० ला बंद पडलं. म्हणजे साथीच्या काळातल्या जन्म-मृत्यूंची चर्चची वही नाही आणि पेपरही नाही. त्या दोन वर्षांतली मुलं कागदावर न येताच गेली.

त्यांचा माग एका रिवाजावरून काढता येतो. आइसलँडिक कुटुंबात मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देतात. १८७६ ला निघताना यादीत दोन वर्षांची गुद्रुन आहे आणि १८८१ च्या जनगणनेत दोन वर्षांची गुद्रुन आहे, तर वय चुकलेलं नाही, पहिली गुद्रुन गेली. मेलेल्या पहिल्या नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव दुसऱ्या लग्नाच्या मुलाला देण्याचीही रीत होती. आजोबा-आजीत ते नाव सापडत नसेल तर हे तपासा.

रानवाट

नावांच्या इंग्रजी रूपांबद्दल थोडं.

योन चा जॉन, हे सरळ. ब्योर्न आणि ब्यार्नी ही दोन वेगळी नावं, पण इंग्रजी कारकुनाच्या हातात दोन्हींची खिचडी होते. बाप ब्योर्न तर मुलगा ब्योर्न्सन, बाप ब्यार्नी तर ब्यार्नासन. मधला 'आ' असेल तर ब्यार्नी. हा एक स्वर बघितला नाही तर भलताच बाप चिकटतो.

'थ' च्या उच्चाराचं आइसलँडिक अक्षर रोमन 'पी' सारखं दिसतं, उभी रेघ आणि मध्यावर पोट. त्यामुळे सूचीत थोरस्टेन 'पोरस्टेन' म्हणून बसलेला असतो. सापडला नाही तर 'पी' खाली बघा. तसंच 'आइसलँड' चं सूचीत 'आयर्लंड' झालेलं फार वेळा दिसतं, दोन्ही शब्दांत हस्ताक्षरात एकाच अक्षराचा फरक. मिनेसोटा-डकोटात योन्सन नावाचा आयरिश शेतकरी दिसला तर मूळ पान उघडा. नागरिकत्वाच्या कागदांवर तर देश म्हणून 'डेन्मार्क' येतो, कारण आइसलँड डेन्मार्कच्या राजाखाली होतं आणि शपथेत त्या राजाचीच निष्ठा सोडायची होती.

काहींनी मात्र खरीखुरी आडनावं घेतली आणि ती शोधणाऱ्याला वरदान आहेत. बोर्गफ्योर्द, लाक्सदाल, वात्न्सदाल, आयफोर्ड, हुनफोर्ड, रेक्दाल. ही सगळी खोऱ्यांची, खाड्यांची नावं. आपल्याकडे गावाला 'कर' लावून आडनाव होतं तसंच. आयफोर्ड दिसला की आधी एयाफ्योर्दुर खाडीच्या परगण्यांत जा. एवढंच, की एका खोऱ्याचं नाव एकमेकांशी नातं नसलेल्या चार कुटुंबांनी घेतलेलं असू शकतं. सारखं आडनाव म्हणजे भाऊबंद, हे इथे चालत नाही.

शेवंती_प

बायकांच्या नावांबद्दल मी लिहिते, कारण झाडं तुटतात ती तिथेच.

आइसलँडमध्ये लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. हेल्गा योन्सदोत्तिर मरेपर्यंत हेल्गा योन्सदोत्तिर. प्रेअरीवर आल्यावर ती इंग्रजी कागदांत नवऱ्याच्या आडनावानं येते, आइसलँडिक चर्चच्या वहीत मात्र स्वतःच्या. त्यामुळे एकाच वर्षी एकाच बाईची दोन नावं. शिवाय अविवाहित मुलगी विनिपेगला कामाला गेली की 'दोत्तिर' जाऊन 'सन' लागतं. हेल्गा जॉन्सन हे लग्नानंतरचं नाव समजून तिच्या नवऱ्याचा शोध सुरू होतो, आणि तो नवरा नसतोच.

म्हणून इंग्रजी मृत्युनोंद मिळाली तरी तिथे थांबू नका. 'लोगबेर्ग' (१८८८ पासून) आणि 'हेम्सक्रिंग्ला' (१८८६ पासून) या विनिपेगच्या आइसलँडिक साप्ताहिकांतल्या मृत्युलेखांत बाईचं माहेरचं शेत, आईबाप, भावंडं, कुठल्या वर्षी कोणाबरोबर आली हे सविस्तर येतं. दोन्ही १९५९ ला एक झाली. जुने अंक आइसलँडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर शब्दानं शोधता येतात.

मोडीवाचक

शेवंतीताईंच्या मुद्द्याला जोड. तिथे शोधताना नावाला विभक्ती लागते हे विसरू नका. आपण जसं घोडा, पण घोड्याचा, तसं त्यांचं. हेल्गा ची हेल्गू होते. पाउल्ल चा पाउल्स, पाउली. ब्योर्न चा चतुर्थीत बिर्नी होतो, ओळखूही येत नाही. मृत्युलेखात 'हेल्गूची मुलगी', 'ब्योर्नच्या घरी' अशीच वाक्यं असतात, त्यामुळे मूळ रूपानं शोधलं तर अर्ध्या नोंदी निसटतात. शेताच्या नावालाही विभक्ती लागते. शब्दाचा न बदलणारा भाग घालून शोधा.

'ओलाफुर थोर्गेरसन यांचं पंचांग', १८९५ ते १९५४, हेही त्याच ठिकाणी आहे. त्यात वस्तीवार शेतकऱ्यांचे परिचय छापले जायचे: हा अमुक शेतावरचा, बाप अमका, बायको तमकी, अमुक साली इथे जमीन घेतली. एवढ्या दाट माहितीचं दुसरं साधन नाही. वर्षं मात्र आठवणीवर सांगितलेली असतात, एक-दोन वर्षांचा फरक धरून चला आणि होमस्टेडच्या फाइलशी ताडून बघा.

कणसं

जनगणनांत कुठली सगळ्यात उपयोगी?

भूमापक

माझ्या मते कॅनडाची १९०६ ची, प्रेअरी प्रांतांपुरती घेतलेली. तिच्यात सेक्शन-टाउनशिप-रांग आहे, म्हणजे माणसावरून थेट जमीन. शिवाय घोडे, दुभत्या गाई, इतर गुरं, मेंढ्या, डुकरं यांचे आकडे. वात्नाबिग्दला नुकतंच आलेलं कुटुंब आणि मार्करव्हिलचं पंधरा-सतरा वर्षं मुरलेलं कुटुंब यातला फरक त्या पाच रकान्यांत दिसतो. मार्करव्हिलला गव्हापेक्षा दुभतं आणि गवत महत्त्वाचं, लोणी काढण्याचा कारखाना गावात होता, तो गाईंच्या रकान्यात उमटतो.

१९०१ ला पूर्ण जन्मतारीख विचारली होती, ती आइसलँडच्या चर्चच्या वहीशी ताडायला चांगली. अमेरिकेत १९०० ची घ्या: जन्माचा महिना-वर्ष, किती मुलं झाली आणि किती हयात, आल्याचं वर्ष. १८९० ची अमेरिकन जनगणना आगीमुळे जवळजवळ सगळी गेली, पण डकोटासाठी १८८५ ची प्रदेशाची वेगळी मोजणी आहे. गार्दर, माउंटनच्या कुटुंबांसाठी तीच मधली फट भरते.

रानवाट

चर्चच्या बाबतीत एक राहिलं. लुथरन सिनॉड, म्हणजे लुथरन पंथाच्या मंडळ्यांचा संघ, १८८५ ला माउंटनला स्थापन झाला आणि बहुतेक बाप्तिस्मे त्याच्या मंडळ्यांत सापडतात. पण गिम्ली आणि विनिपेगकडची बरीच कुटुंबं १८९० नंतर युनिटेरियन या वेगळ्या ख्रिस्ती पंथात गेली, आणि स्तेफान्सन यांच्यासारखे काही कुठल्याच चर्चमध्ये नव्हते. तीन भावांपैकी दोघांची मुलं लुथरन वहीत आहेत आणि तिसऱ्याची नाहीत, तर तिसरा निपुत्रिक नव्हे, तो दुसऱ्या मंडळीत गेलेला असतो. शेजारच्या वस्तीत कुठली चर्च होती ते आधी पाहा.

उत्तरवारा

डीएनए चाचणीबद्दल दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं, उत्तर इथेच देतो. आइसलँडची लोकसंख्या लहान आणि शतकानुशतकं आपसांतच लग्नं. त्यामुळे दोन माणसांत अनेक वाटांनी नातं असतं आणि चाचणी ते सगळं एकत्र मोजून नातं प्रत्यक्षाहून जवळचं दाखवते. तिसरा चुलतभाऊ म्हणून आलेला पाचव्या-सहाव्या पिढीतला निघतो. शेताचा माग लागला असेल तर तो पक्का करायला चाचणीचा उपयोग आहे, मागच नसेल तर नाही.

थडग्याच्या दगडापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी: 'एफ' म्हणजे जन्म, 'डी' म्हणजे मृत्यू. शब्द पूर्ण असेल तर 'दाइन्न' पुरुषाला आणि 'दाइन' बाईला, नाव झिजलं असलं तरी एवढ्यावरून कळतं. जन्मतारखेखाली एखादा न कळणारा शब्द कोरलेला असेल तर तो सुविचार समजून सोडू नका, उतरवून घ्या. पुष्कळदा ते शेताचं किंवा परगण्याचं नाव असतं.

कणसं

असाच एक शब्द आहे, आर्गाइलच्या एका दगडाच्या फोटोत. शेवट 'स्तोदुम' असा वाचता येतो, पुढची अक्षरं शेवाळाखाली.

मोडीवाचक

'स्तोदुम' ही 'स्तादिर' ची विभक्ती, '...स्तादिर या शेतावर' असा अर्थ. म्हणजे शेताचं नाव नक्की. पण 'स्तादिर' नं संपणारी शेतं पुष्कळ आहेत, तेव्हा पहिली दोन अक्षरं मिळाली पाहिजेत. दगड घासू नका, रंग किंवा खडू लावू नका. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना, नाहीतर आरशानं बाजूनं उजेड पाडून पुन्हा फोटो घ्यायला सांगा. बरोबर जन्मवर्ष आणि पहिलं नाव इथे द्या, १८६० च्या जनगणनेत त्या शेवटाची शेतं निवडून बघू.